तांदळातला ‘ख’ : दक्षिण झुआंग बोलीविषयी थोडेसे



महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना घरची बोली आणि पुस्तकातली भाषा यांमधील अंतर समजावून सांगण्याचे कारण नाही. हेच अंतर दूरदेशी कसे पडले, त्याचे एक उदाहरण आज मी घेतले आहे.

चीनच्या दक्षिणेस ग्वांगशी हा झुआंग लोकांचा प्रदेश आहे. १९५८ पासून तो स्वायत्त गणला जातो. झुआंगांची लोकसंख्या दोन कोटींच्या घरात असून नाव एक असले तरी त्यांच्या बोलींचे दोन मोठे गट पडतात. उत्तरेस वूमिंगची बोली आहे. दक्षिणेस, व्हिएतनामच्या सीमेलगत, लोंगचौची. ली फांग-क्वेई या थोर भाषाशास्त्रज्ञाने लोंगचौच्या बोलीवर १९४० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९७७ च्या ग्रंथात त्याने ताई भाषाकुलाच्या तीन शाखा मांडल्या. त्यांत वूमिंग उत्तर शाखेत गेली, लोंगचौ मध्य शाखेत. दप्तरी जी एक भाषा, ती वंशवृक्षावर दोन फांद्यांवर बसलेली आहे.

१९५७ साली वूमिंगची बोली पायाभूत धरून प्रमाण लेखन ठरले आणि १९८२ मध्ये ते निव्वळ रोमन अक्षरांत आणले गेले. या भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो. तो चढउतार शब्दाच्या शेवटी एक जादा अक्षर जोडून दाखवतात, ही युक्ती मला फार सुबक वाटते. अडचण निराळीच आहे. आपण प आणि फ, क आणि ख यांत भेद करतो, तसा लोंगचौकरही करतो. वूमिंगकर करीत नाही. त्याला महाप्राण लागत नाहीत, म्हणून वर्णमालेत त्यांना अक्षरच मिळाले नाही.

तांदळाचेच पाहा. लोंगचौमध्ये त्याला ‘खाउ’ म्हणतात. (आपल्या मुलांच्या खाऊशी याचे नाते नाही, योगायोग आहे!) सयामी भाषेतही ‘खाव’ आहे. वूमिंगमध्ये मात्र ‘हाउ’, आणि पुस्तकात तेच. पाण्याला लोंगचौत ‘नाम’ म्हणतात, प्रमाण लेखनात आरंभी र येतो. हा ‘नाम’ आपल्या देशातही पोहोचला आहे. १२२८ साली आसामात आलेले अहोम ताई भाषाच बोलत, आणि तिथल्या नामदांग नदीच्या नावातला ‘नाम’ म्हणजे पाणीच.

एखादी बोली पायाभूत धरल्यावाचून लेखन ठरत नाही, हे मला मान्य आहे. परंतु तीन अक्षरे वाढवली असती तर वूमिंगचे काही बिघडले नसते, असे मला राहून राहून वाटते.

चीनच्या चलनी नोटांवर झुआंग मजकूर छापलेला असतो. लोंगचौच्या बाजारात ‘खाउ’ विकत घेणाऱ्याच्या हातातही तीच नोट असते, आणि तिच्यावरचे लेखन वूमिंगचे असते.