कोकणात घर बुक करताय? आधी पाटीवरचा नंबर बघा

‘ताई, एकच खोली उरलीय. दुसरी पार्टी लाइनवर आहे. तीन हजार जीपे करा, लगेच ब्लॉक करतो.’

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीआधी समुद्राजवळ राहायची सोय शोधणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं. पंचाईत अशी, की हे वाक्य भामटाही बोलतो आणि खरा मालकही. लाँग वीकेंडला खरोखरच एकच खोली उरलेली असते. ॲडव्हान्सही दोघं मागतात, तोही स्वतःच्या मोबाइल नंबरवर.

त्यामुळे ‘ॲडव्हान्स देऊ नका’, ‘फक्त ॲपवरून बुक करा’ हे सल्ले इथे फारसे कामाचे नाहीत. एअरबीएनबी किंवा बुकिंग डॉट कॉमवर अलिबागचे व्हिला भरपूर सापडतात. पण दिवेआगर, गुहागर, आंजर्ले, तारकर्ली इथली बरीचशी घरगुती सोय आजही फोन, व्हॉट्सॲप आणि ओळखीपाळखीवरच चालते. पुढे वाडी, मागे विहीर, वर बांधलेल्या चार खोल्या आणि जेवण घरचंच. अशा घराची खातरजमा आपल्यालाच करावी लागते.

फसवणूक होते कशी?

बहुतेक वेळा घर खरं असतं, नंबर खोटा असतो. भामटा एखाद्या चांगल्या होमस्टेचे फोटो उचलतो, त्याच नावाने वेबसाइट उभी करतो आणि जाहिरातीचे पैसे भरून सर्चमध्ये वर येतो. दुसरा प्रकार नकाशातला. गूगल मॅपवरच्या माहितीत बदल सुचवायची सोय कोणालाही असते. मालकाने आपली नोंद ताब्यात घेतलेली नसेल, तर तिथला फोन नंबर बदलला गेला तरी त्याला पत्ता लागत नाही.

माझ्या मावशीचं असंच झालं. नाव बरोबर, फोटो बरोबर, रिव्ह्यूही खरे. नऊ माणसं दुपारी दोन वाजता दारात उभी राहिली, तेव्हा कळलं की मालकांना त्यांचा फोन कधी गेलाच नव्हता. गेलेली रक्कम सहा हजार. त्यापेक्षा जास्त लागलं ते भर उन्हात आजीला गाडीत बसवून गावभर खोली शोधत फिरणं.

मग खरा नंबर कोणता?

मॅपवर त्या घराचे फोटो उघडा आणि मालकाने टाकलेले सोडून पाहुण्यांनी टाकलेले बघा. त्यात कोणीतरी फाटकाशी उभं राहून फोटो काढलेला असतोच, आणि मागे पाटी असते. कोकणातल्या घरगुती सोयीच्या पाटीवर नावाखाली मोबाइल नंबर रंगवलेला असतो. झूम करा आणि त्याच नंबरवर फोन लावा. जुन्या फोटोतला, पाटीवर रंगवलेला नंबर बदलणं भामट्याच्या हातात नाही.

पाटी सापडली नाही, तर शेजाऱ्याला विचारा. त्याच रस्त्यावरच्या खानावळीला किंवा दुसऱ्या होमस्टेला फोन करून ‘अमुक घर तिथेच आहे का, त्यांचा नंबर हाच का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. गाव लहान असतं आणि एकाच आळीत सगळे एकमेकांना ओळखतात. मला तरी अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. उलट ‘त्यांच्याकडे नाही मिळालं तर आमच्याकडे या’ असंच ऐकायला मिळतं.

तिसरी खूण पैसे पाठवतानाची. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. मालकांचं आडनाव एक आणि स्क्रीनवर भलतंच, तर तिथेच थांबा. खातं मुलाचं किंवा सुनेचं असू शकतं, पण मग तसं विचारल्यावर सरळ उत्तर मिळतं. व्हिडिओ कॉलवर खोली आणि अंगण दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर दुसरं घर बघा.

‘रिफंड पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हटलं, तर ती फसवणूकच. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

‘जीएसटी वेगळा’ म्हणाले तर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर छोट्या मालकाला नोंदणीची सक्ती नसते आणि नोंदणी नसेल तर तो कर आकारू शकत नाही. कर मागितला, तर जीएसटी क्रमांक मागा. तो १५ अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने, तर गोव्यातला ३० ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला, की व्यवसायाचं नाव समोर येतं. ॲपवरून केलेल्या बुकिंगचा हिशेब वेगळा. तिथे मालकाची नोंदणी नसली तरी कर भरायची जबाबदारी ॲपवर असते.

पैसे गेलेच तर?

लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ती रक्कम गोठवता येऊ शकते. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

घर खरं आहे, पण आपल्याला चालेल का?

इथे फसवणूक नसते, पण हिरमोड होतो. पहिला घोळ गावाच्या नावाचा. मुरुड दोन आहेत. एक जंजिरा किल्ल्याजवळचं, रायगड जिल्ह्यात. दुसरं दापोली तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्यात. ‘अलिबागमध्ये’ याचा अर्थ अनेकदा ‘अलिबाग तालुक्यात’ एवढाच असतो. म्हणून घराचं लोकेशन पिन मागवून घ्या.

‘समुद्रापासून पाच मिनिटं’ म्हणजे गाडीने की पायी? सॅटेलाइट व्ह्यू लावा, घरावर बोट दाबून धरा आणि ‘अंतर मोजा’ हा पर्याय वापरा. दिवेआगरसारख्या गावात घर आणि पाणी यांच्यामध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि सुरूचं बन असतं. चालायला ती वाट सुरेख, पण खोलीतून समुद्र दिसत नाही. फोटोत तो दिसत असेल, तर फोटो खोलीतला आहे का, हे विचारा.

दर खोलीमागे की माणशी, हे ठरवून घ्या. पाच वर्षांच्या मुलाचे पैसे किती, जादा गादीचे किती, ड्रायव्हरची झोपायची सोय आहे का? जेवण धरून की वेगळं? वयस्कर माणसं असतील, तर खोली तळमजल्यावर आहे का आणि कमोड आहे का, हे दोन प्रश्न एसीच्या आधी विचारा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी बहुधा नाही, आणि मे महिन्यात याने फार फरक पडतो. काही ठिकाणी नळाचं पाणी मचूळ असतं, म्हणून पिण्याचं कुठून येतं तेही विचारा. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘ओके’ मिळाल्यावरच ॲडव्हान्स द्या. रद्द केल्यास किती परत, हेही त्याच मेसेजमध्ये असू द्या.

तारीख ठरवताना तिथी बघा

हे कोणत्याही बुकिंग साइटवर दिसत नाही. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे, तिथीच्या पाऊणपट. अष्टमीला पूर्ण भरती साधारण सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमाराला, सकाळ-रात्र दोन्हीकडे. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि ओसरताना ओढही जास्त असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असेल किंवा हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची असेल, तर ओहोटीच हवी. नेमकी वेळ घरमालकांना विचारा आणि लहान मुलं असतील, तर ती कळल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

पावसाळ्यात दर उतरतात, घरं रिकामी असतात आणि वाडी हिरवीगार दिसते. पण तेव्हा समुद्रात उतरता येत नाही, जलक्रीडा बंद असतात आणि गेटवे-मांडवा लाँचही थांबते. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो मात्र हवामान बघून चालते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईची वाट बघू नका. घरच्या उकडीच्या मोदकांना असं बंधन नाही. फक्त ते आदल्या दिवशी सांगावे लागतात, तेव्हा बुकिंगच्या फोनवरच सांगून टाका.