जारवर नाव कुणाचे?

परभणी जिल्ह्यात उन्हाळा तापू लागला की गल्लीबोळांतून जारच्या टेम्पोंच्या फेऱ्या वाढतात. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते कोणी विसरलेले नाही. वलीमा असो, अकीका असो की इफ्तार, वीस लिटरचे जार लागतातच. आमच्या शाळेतून शिकून गेलेली काही मुलेही या धंद्यात उतरली आहेत. ती भेटली की विचारतात, "सर, एखादे भारी नाव सुचवा, इन्स्टाग्रामवर काय टाकायचे ते सांगा."

नाव गाजले म्हणजे काय होते, हे बिसलेरीवरून कळते. मूळचे हे एका इटालियन उद्योजकाचे आडनाव. १९६५ मध्ये मुंबईत या नावाचे पाणी काचेच्या बाटलीतून विकायला आले, १९६९ मध्ये पार्लेने ते विकत घेतले. आज एसटी स्टँडवर आपण "एक बिसलेरी द्या" म्हणतो आणि दुकानदार हाताला येईल ती बाटली देतो. एखादे अक्षर बदललेल्या, तसल्याच लेबलच्या नकलाही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. नाव लोकांच्या तोंडी बसले, तरी बाटलीत काय आहे याची हमी त्यातून मिळत नाही.

आपल्याकडचे तरुण नाव शोधताना पटकन धार्मिक शब्दाकडे वळतात. जमजम, कौसर वगैरे. धार्मिक भावना दुखावतील अशा नावाची ट्रेडमार्क कायद्यात नोंदणी होत नाही. अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्या व्यापाऱ्याला आपले म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. कायदा बाजूला ठेवा. उद्या जारच्या तळाशी शेवाळ निघाले तर गिऱ्हाईक काय नाव घेऊन ओरडेल? त्यापेक्षा गावाचे, वेशीचे, ओढ्याचे साधे नाव बरे. पाण्यासाठी ट्रेडमार्कचा वर्ग ३२ आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो.

मोबाइलवर सगळ्यात आधी टाकायचा तो एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक. लोगो नंतर. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यावरची आयएसआय चिन्हाची सक्ती निघाली आणि नोव्हेंबरअखेर हे पाणी 'जास्त जोखमीच्या' पदार्थांत गेले, त्यामुळे परवान्याला जास्तच महत्त्व आले आहे. हा क्रमांक गिऱ्हाइकाला घरबसल्या तपासता येतो. त्याच्या शेजारी प्रयोगशाळेचा ताजा अहवाल, तारखेसकट. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असे भारतीय मानक सांगते. आपला आकडा किती, तो लिहावा. मग व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर दर, जारचे डिपॉझिट, सुट्टीचा दिवस. गुगल नकाशावर जागा नोंदवायला पैसे पडत नाहीत. सीलबंद नसलेल्या थंड जारवर ना नाव असते ना तारीख. अशा बाजारात एवढी माहितीही उठून दिसते.

'पर्यावरणपूरक' हा शब्द मात्र जपून वापरावा. आरओ यंत्र पाण्याचा बराच भाग खारट करून बाहेर टाकते. लेबलवर हिरवे पान छापायचे आणि ते पाणी गटारात सोडायचे, हे आम्हाला पटत नाही. त्यातून फरशी, गाडी धुता येते. झाडांना रोज घालू नये, क्षार जमिनीत साचतात. बोअरचे पुनर्भरण तर करायलाच हवे. आपल्या जिल्ह्याखाली काळा पाषाण आहे, पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. प्लांटचा पंप दिवसभर चालला की शेजारच्या बोअरला घरघर लागते. १०० चौरस मीटरच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर, म्हणजे पाचशे जार पाणी पडते. त्यातले थोडे वाया जाईल, तरी उरलेले गाळून बोअरमध्ये सोडता येते.

एका माजी विद्यार्थ्याला आम्ही सुचवले की दर महिन्याला बोअरमधली पाण्याची पातळी आणि मीटरचे रीडिंग फोटो काढून टाक. तो म्हणाला, "सर, गिऱ्हाईक घाबरेल ना!" घाबरू दे, आम्ही म्हटले. लोक तुझ्या जारवर अवलंबून आहेत, त्यांना आधी कळले तर ते भांडी भरून ठेवतील. मे महिन्यात पातळी खाली गेली, तर त्याच पानावर लिही की आजपासून जार दिवसाआड मिळतील, आणि आजारी माणूस किंवा लहान मूल असलेल्या घरी आधी.