बहुमत टिकले, सत्ता गेली

जयपूरच्या अजमेर रस्त्यावरील सोडाला ही गजबजलेली वस्ती राजस्थानच्या सत्ताकेंद्राच्या लगतच आहे; राजभवन आणि मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ज्या सिव्हिल लाइन्स भागात आहे, त्याच नावाच्या विधानसभा मतदारसंघात सोडाल्याचाही समावेश होतो. काँग्रेसचे अशोक गहलोत यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या 2018 ते 2023 या तिसऱ्या कारकिर्दीत याच परिसरात जे घडले, त्यावरून सत्तेवरील नेत्याची शक्ती विरोधकांपेक्षा स्वपक्षीयांना सांभाळण्यात कशी खर्च होते, हे स्पष्ट दिसते.

2018 च्या निवडणुकीत काँग्रेसला 99 जागा मिळाल्या होत्या आणि 200 सदस्यांच्या विधानसभेत सरकार काठावरच उभे होते. पुढे बहुजन समाज पक्षाचे सहा आमदार काँग्रेसमध्ये विलीन झाल्याने आकडा वाढला खरा, परंतु जुलै 2020 मध्ये उपमुख्यमंत्री सचिन पायलट यांनी समर्थक आमदारांसह बंडाचा पवित्रा घेताच हे बहुमत डळमळीत झाले. पायलट यांची उपमुख्यमंत्रिपदावरून आणि प्रदेशाध्यक्षपदावरून उचलबांगडी झाली. विधानसभाध्यक्षांनी त्यांच्यासह 19 आमदारांना पक्षांतरबंदी कायद्याखाली, म्हणजे पक्ष सोडणाऱ्या किंवा सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणाऱ्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली नोटिसा बजावल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सरकारच्या बाजूचे आमदार आधी जयपूरबाहेरील एका हॉटेलात आणि नंतर थेट जैसलमेरला ठेवण्यात आले. अधिवेशन बोलावण्यास राज्यपाल तयार होत नाहीत म्हणून 24 जुलैला याच आमदारांनी राजभवनाच्या हिरवळीवर ठिय्या दिला. अखेर पायलट परतले आणि 14 ऑगस्टला सरकारने आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव जिंकला. करोनाच्या साथीत राज्याचे प्रमुख आमदारांची मोजदाद करण्यात असे गुंतून पडले, ही या प्रसंगाची सर्वांत क्लेशदायक बाजू होय.

सभागृहात बहुमत सिद्ध करण्याची संधी न सोडणे, हे मात्र गहलोत यांचे निर्विवाद कौशल्य मानावे लागेल. महाराष्ट्रात जून 2022 मध्ये पक्षातील बंडानंतर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीपूर्वीच राजीनामा दिला आणि त्यांनी स्वतःहून पद सोडल्यामुळे पूर्वीचे सरकार पुन्हा स्थापता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 च्या निकालात म्हटले. दोन्ही प्रसंगांत बंड घरचेच होते. एकाने ते सभागृहापर्यंत नेले, दुसऱ्याने नेले नाही.

तथापि वाचलेल्या सरकारची किंमत पुढे चुकवावी लागली. 25 सप्टेंबर 2022 रोजी पक्षश्रेष्ठींनी नेतृत्वबदलाच्या दृष्टीने विधिमंडळ पक्षाची बैठक बोलावली, तेव्हा गहलोत समर्थक आमदार मंत्री शांती धारीवाल यांच्या घरी वेगळे जमले आणि राजीनामे घेऊन विधानसभाध्यक्षांकडे गेले. गहलोत यांनी पक्षाध्यक्ष सोनिया गांधींची माफी मागितली, पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली, पण मुख्यमंत्रिपद टिकवले. पुढच्याच महिन्यात सोडाला आणि आंबेडकर सर्कल यांना जोडणारा, भाजपच्या राजवटीत काम सुरू होऊन रखडलेला उन्नत रस्ता ‘भारत जोडो सेतू’ या नावाने वाहतुकीला खुला झाला. चिरंजीवी आरोग्य विमा, सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन, आरोग्य हक्काचा कायदा ही कामेही याच कारकिर्दीतील. ती मोलाची होती. मात्र संकटात साथ देणाऱ्या आमदाराला पुढील निवडणुकीत उमेदवारी नाकारणे नेत्याला फार अवघड जाते, मग त्याच्या मतदारसंघात त्याच्याविषयी कितीही नाराजी असो.

डिसेंबर 2023 च्या निकालात भाजपला 115 आणि काँग्रेसला 69 जागा मिळाल्या. यात बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की काँग्रेसची मते घटली नव्हती. 2018 मध्ये सुमारे 39.3 टक्के असलेला वाटा 2023 मध्ये सुमारे 39.5 टक्के झाला, तर भाजपचा वाटा 39 टक्क्यांच्या आतून 41 टक्क्यांच्या वर गेला. म्हणून हा निव्वळ जनाधार ओसरण्याचा प्रकार नाही. विरोधातील विखुरलेली मते एकवटली आणि ती रोखण्याइतके नवे समर्थन सत्ताधाऱ्यांना जोडता आले नाही. त्यासाठी लागणारा वेळ आणि विश्वास पक्षांतर्गत झगड्यात आधीच संपला होता. सोडाला ज्या सिव्हिल लाइन्स मतदारसंघात येतो, तेथे मंत्री प्रतापसिंह खाचरियावास यांचा भाजपच्या गोपाल शर्मा यांनी पराभव केला.