कॉन्टेसाला इंजिन कुठलं बसवाल?

आजोबांची कॉन्टेसा कुरखेड्यात ताडपत्रीखाली पडलीय, इंजिन जाम झालंय? भंगारवाल्याला लगेच हो म्हणू नका. 1984 मध्ये ही ऐसपैस गाडी आली, तेव्हा तिच्यात ॲम्बेसेडरचंच 1489 सीसीचं इंजिन होतं. एवढं धूड ओढताना बिचारं धापा टाकायचं. पुढे हिंदुस्तान मोटर्सनेच 1817 सीसीचं इसुझू बसवलं. तेच शोधा, पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट. सेन्सरवाल्या नव्या इंजिनाचा मोह होईलच, पण ते बिघडलं तर स्कॅनर शोधत वडसा-ब्रह्मपुरी कोण गाठणार? कार्बोरेटर गावातला मिस्त्रीही उघडतो. आणि हो, पैसे मोजण्याआधी इंजिनाची कागदपत्रं बघा, गडचिरोली आरटीओची परवानगी काढा. आरसीवर नवा इंजिन नंबर चढेपर्यंत गाडी अंगणातच राहू द्या.