तालीम आणि तिची परीक्षा

पोहता न येणाऱ्या माणसाला आपण बुडणाऱ्याच्या मदतीला धाडीत नाही. परंतु पूर वा भूकंप आला म्हणजे मात्र, मदतीला जाणाऱ्याचे मन चांगले असले की पुरे, असे आपण धरून चालतो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी फुगून वांद्रे पूर्वेच्या वस्त्यांत शिरली. माणुसकीला त्या रात्री तोटा नव्हता; लोकांनी परक्यांना घरात घेतले. तोटा होता तो जुळणीचा. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि 2006 साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले.

अशा पथकांची तालीम दोन प्रकारे होते. पहिली टेबलाभोवती. मध्ये नकाशा असतो. सूत्रधार एकेक बातमी टाकतो : रस्ता बुडाला, फोन बंद पडले, शाळेत माणसे अडकली. प्रत्येकाने आपला निर्णय तिथेच सांगायचा. दुसरी मैदानात. स्वयंसेवक जखमींचे सोंग घेतात; गळ्यातील चिठ्ठीवर श्वास, नाडी, जखम लिहिलेली असते. पथकाने ती पाहून लाल, पिवळी, हिरवी किंवा काळी खूण बांधायची. लाल खुणेचा जखमी आधी हलवायचा. तो पुष्कळदा ओरडणारा नसतो. निपचित पडलेला असतो.

बाजूला निरीक्षक घड्याळ आणि वही घेऊन उभे असतात. भोंगा केव्हा झाला, पहिला जखमी केव्हा बाहेर आला, निरोप कोणापाशी अडला, हे ते टिपतात. खरी परीक्षा या वहीत आहे.

भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर, 1989 च्या नियमांनी धोकादायक रसायनांच्या मोठ्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी असा सराव सक्तीचा केला. परंतु मी असेही सराव पाहिले आहेत की, तारीख आधीच फलकावर लागते, कंत्राटी कामगारांना त्या दिवशी बाजूला ठेवतात आणि वहीत शेरा पडतो, ‘समाधानकारक’. वायू गळेल तेव्हा नेमका तोच कंत्राटी कामगार टाकीजवळ असेल, आणि दार कोणते हे त्याला ठाऊक नसेल.

म्हणून आपली मागणी साधी असावी. वांद्र्यात सराव होईल तो मोकळ्या मैदानाबरोबर बेहरामपाड्याच्या अरुंद गल्लीतही व्हावा. तारीख आधी फुटू नये. निरीक्षकांत त्या गल्लीतली दोन माणसे असावीत. सापडलेल्या चुका फलकावर लागाव्यात आणि पुढच्या सरावात प्रथम त्याच तपासल्या जाव्यात.