कीटकांच्या रक्तातील मेणा

स्वयंपाकघरात झुरळ चिरडले गेले की घरातील एखादे चौकस बालक हमखास विचारते, "याला रक्त नसते का?" तो पांढुरका चीक पाहून आपणही क्षणभर घोटाळतो. रक्त असते, परंतु ते प्राणवायू वाहून नेत नाही, म्हणून त्यास तांबडा रंग नाही. कीटकाचा प्राणवायू अंगभर पसरलेल्या सूक्ष्म नलिकांतून परस्पर पोहोचतो. मग हे रक्त करते तरी काय? ते अन्नरस वाहते, आणि निरोपही वाहते. अशाच एका निरोपाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रेशमाची अळी चार वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी पुन्हा अळीच होते. पाचव्या अवस्थेत मात्र यथेच्छ तुतीपाला खाऊन ती कोश विणते. तोवर तिला बाल्यात ठेवणारे द्रव्य मेंदूमागील दोन चिमुकल्या ग्रंथी निर्माण करतात. त्यास बाल-हॉर्मोन म्हणावे. 1930 च्या दशकात लंडन येथे विगल्सवर्थ यांनी दक्षिण अमेरिकेतील एका रक्तपिपासू ढेकणावर प्रयोग केले. प्रौढ होऊ घातलेल्या पिलाच्या अंगात लहान पिलाचे रक्त खेळू दिले, तेव्हा ते प्रौढ न होता पिलूच राहिले. निरोप रक्तातूनच जातो, हे त्यावरून ठरले.

परंतु येथे एक अडचण होती. 1956 साली कॅरोल विल्यम्स यांनी एका मोठ्या पतंगाच्या उदरातून हे द्रव्य प्रथम मिळविले, ते सोनेरी तेलाच्या रूपात! तेल आणि पाणी यांचे सख्य नाही, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. पाणीदार रक्तात पडलेला हा तेलकट कण वाटेत दिसेल त्यास चिकटणार. शिवाय रक्तातील पाचक द्रव्ये त्याचे तुकडे करणार. मग तो शरीराच्या दूरच्या टोकास पोहोचावा कसा?

उत्तर 1970 च्या दशकात मिळाले. तंबाखूची पाने खाणाऱ्या एका अमेरिकी सुरवंटाच्या रक्तात हा हॉर्मोन धरून ठेवणारे प्रथिन सापडले. कीटकाच्या शरीरातील मेदपेशी ते तयार करून रक्तात सोडतात. त्याच्या पोटात तेलकट कणाजोगी एक पोकळी असते. 2011 साली जपानी संशोधकांनी रेशमाच्या अळीतील अशा प्रथिनाची रचना उलगडली. हॉर्मोन आत शिरताच प्रथिनाचा एक भाग झाकणासारखा त्यावर येतो. पूर्वी माहेरवाशीण पडदा सोडलेल्या मेण्यातून सासरी जाई, तसाच हा प्रवास. रक्तातील जवळजवळ सर्व बाल-हॉर्मोन असाच मेण्यात बसून हिंडतो.

संरक्षण आवश्यक, तसे वेळेवर निरोप थांबणेही आवश्यक. अळीच्या अखेरच्या अवस्थेत ग्रंथी हात आखडता घेतात आणि केवळ याच हॉर्मोनला तोडणारे एक विकर रक्तात वाढते. सामान्य विकरांपुढे न उघडणारा मेणा त्याच्यापुढे टिकत नाही. मगच बाल्य संपते.

ते न संपल्यास काय होते? प्रागचे कारेल स्लामा 1960 च्या दशकात आपले तांबडे ढेकूण घेऊन हार्वर्डला गेले. तेथे एकही ढेकूण प्रौढ होईना. पिले नुसतीच वाढत आणि तशीच मरत. पुष्कळ शोधाअंती दोष सापडला तो पेटीत अंथरलेल्या कागदात! अमेरिकेतील बाल्सम फर वृक्षाच्या लगद्यात बाल-हॉर्मोनसारखे द्रव्य होते. अमेरिकी वृत्तपत्रांच्या कागदानेही तेच घडे. लंडनच्या 'टाइम्स'च्या कागदाने मात्र नाही.

यावरूनच मनुष्याने युक्ती शोधली. मेथोप्रीन हे हॉर्मोनची नक्कल करणारे कृत्रिम द्रव्य पाण्यात टाकले की डासाच्या अळीतून डास बाहेर पडत नाही. हेच द्रव्य रेशमाच्या अळीस पाचव्या अवस्थेच्या आरंभी अत्यल्प दिले, तर ती अधिक दिवस पाला खाते आणि कोश वजनदार होतो. मात्रा वाढली, तर ती कोशच विणत नाही.

तेव्हा घरातील बालकाने पुन्हा तो प्रश्न विचारला, तर त्यास अवश्य सांगावे: रक्त आहे, बाळ, आणि त्यात मेणेही आहेत.