इंजिनाची खटखट काय सांगते?

मडके विकत घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. चांगले मडके खणखणीत वाजते. चीर गेलेले मडके बद्द वाजते. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळते.

मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. आत काय बिघडले ते बाहेरून दिसत नाही. पण इंजिन आवाज करून सांगते. तो आवाज ओळखावा कसा, ते आपण या पाठात पाहू.

चढावरची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे जुनी अँबॅसिडर गाडी आहे. अँबॅसिडर गाड्या पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होत. २०१४ साली ते काम बंद झाले. यांची गाडी त्याच्या पुष्कळ आधीची आणि पेट्रोलवर चालणारी. लग्नकार्याला किंवा आजारी माणसाला तालुक्याला न्यायला गाव तीच गाडी बोलावते. तिच्या भाड्यावर त्यांचे घर चालते.

एकदा ते आईला डॉक्टरांना दाखवून परत येत होते. शेजारचे काकाही गाडीत होते. चढ लागला आणि इंजिनातून आवाज येऊ लागला. खट खट खट!

आई म्हणाली, "गाडीच्या पोटात कोण हातोडी मारतंय रे?"

तेवढ्यात समोरचा तेलाचा लाल दिवा लुकलुकला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

काका म्हणाले, "अरे, दोनच कोस तर राहिलंय. तशीच रेट की!"

"नको काका. आज दोन कोस रेटली, तर उद्यापासून दारात उभी राहील."

मंडळी दुधाच्या टेम्पोतून घरी गेली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी आणली. एका कारागिराने लांबूनच सांगितले, "इंजिन पुरं खोलावं लागेल." मालकांच्या पोटात गोळा आला. एवढा पैसा आणायचा कुठून?

मग त्यांनी जुन्या मिस्त्रीकाकांना बोलावले. काका म्हणाले, "पाना मागाहून लावू. आधी तिचं ऐकू तर द्या."

इंजिनात काय चालते?

काका काय करत होते ते कळण्यासाठी इंजिनाची थोडी ओळख हवी.

या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. सिलिंडर म्हणजे जाड लोखंडी नळकांडे. प्रत्येकात एक दट्ट्या खालीवर होतो. त्याला पिस्टन म्हणतात. सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा येते. प्लगची ठिणगी पडली की ती पेटते आणि पिस्टनला खाली ढकलते. पिस्टनला एक दांडा जोडलेला असतो. तो दांडा खालचा वाकडा कणा फिरवतो. या कण्याला क्रँक म्हणतात. गाडी रस्त्याने धावते तेव्हा क्रँक मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेतो.

दांडा जिथे क्रँकला धरतो, तिथे बेअरिंग असते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये केसाच्या जाडीहूनही कमी जागा असते. त्या जागेत तेल भरलेले असते. बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तसेच हे. तेल असले की लोखंडाला लोखंड लागत नाही. तेल कमी पडले की बेअरिंग झिजते. जागा वाढते. मग प्रत्येक धक्क्याला दांडा आपटतो. तीच खटखट.

पण प्रत्येक खटखट बेअरिंगचीच असते असे नाही. म्हणून पारख हवी. नाही तर 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असे व्हायचे.

पहिले काम : तेल पाहणे

काकांनी गाडी सपाट जागी घेतली. तेलाची पट्टी उपसली, पुसली, परत घातली आणि पुन्हा काढून पाहिली. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल या दोन खुणांच्या मध्ये हवे. इथे ते खालच्या खुणेच्याही खाली होते.

"थेंब थेंब गळत होतं, मालक?"

"होय. गोठ्याशेजारी उभी करतो तिथं डाग पडायचे. म्हटलं, जुनी गाडी, गळायचीच."

काकांनी तेल घालून बरोबर केले. मग इंजिन थोडा वेळच चालू केले. लाल दिवा विझला, पण खटखट राहिली.

दुसरे काम : आवाज केव्हा येतो ते विचारणे

वैद्य रोग्याला विचारतो, "ताप सकाळी येतो की रात्री?" तसेच इथेही विचारायचे.

सकाळी थंड इंजिनात खटखट येते आणि तापल्यावर जाते का? मग बहुधा पिस्टन आणि सिलिंडर झिजले आहेत. पिस्टन तापून फुगतो, फट भरते आणि आवाज थांबतो. अशी गाडी लगेच बंद पडत नाही. तेलावर मात्र नजर हवी.

चढावर, ओझे असताना, 'टण टण' असा बारीक आवाज येतो का? खालचा गियर टाकला की कमी होतो का? मग पेट्रोल वेळेआधी किंवा एकदम भडकत असेल. ठिणगीची वेळ चुकली असेल. आत काजळी साचली असेल. इंजिन फार तापत असेल. किंवा पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल. यासाठी इंजिन खोलायची घाई करू नये. आधी ठिणगीची वेळ जुळवावी आणि खात्रीचे पेट्रोल घालावे.

वरच्या झाकणातून हलकी 'टिक टिक' येते का? ती बहुधा टॅपेटची. टॅपेट झडपा उघडतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा झडप एकदा उघडते. म्हणून ही टिकटिक संथ असते. टॅपेटची फट जुळवली की काम भागते.

खालून जड 'खट खट' येते, आणि इंजिन थोडे रेस करून सोडले की ती जास्त उमटते का? मग दांड्याच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. या गाडीची खटखट तशीच होती.

तिसरे काम : आवाज कुठून येतो ते शोधणे

एवढ्यावर काका थांबले नाहीत. त्यांनी इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा काढला आणि अर्धा मिनिट इंजिन चालवले. पाण्याचा पंप किंवा डायनामो वाजत असता, तर आता आवाज थांबला असता. तो थांबला नाही. पट्ट्यावाचून इंजिन जास्त वेळ चालवू नये. पाणी फिरत नाही आणि इंजिन तापते.

मग पट्टा परत चढवून त्यांनी लांब पेचकस घेतला. टोक इंजिनाला टेकवले आणि मूठ कानाला लावली. डॉक्टर छातीला नळी लावतात, तशी. टोक वरच्या झाकणावर ठेवले तर आवाज दूरचा वाटे. खाली सरकवले की जवळ येई.

हे करताना फार जपावे. गाडी न्यूट्रलमध्ये असावी. ब्रेक ओढलेला असावा. चाकांना दगड लावावेत. उपरण्याचे टोक, पदर, केस पंख्याजवळ जाऊ देऊ नयेत. इंजिन बंद खोलीत चालवू नये. त्याचा धूर विषारी असतो. माणूस त्याने मरतो.

चौथे काम : एकेक सिलिंडर बंद करणे

आता चारांपैकी दुखते कुठे? काकांनी इंजिन बंद केले. पहिल्या प्लगची तार काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकवून बांधले. मग इंजिन चालू केले. खटखट तशीच. दुसऱ्या प्लगचे तसेच केले. खटखट तशीच. तिसऱ्या प्लगची तार काढली आणि खटखट एकदम मंदावली!

असे का झाले? ठिणगी नाही, म्हणून तिथे पेट्रोल पेटले नाही. पेटले नाही, म्हणून पिस्टनला धक्का बसला नाही. धक्का नाही, म्हणून आपटणे नाही. दुखणे तिसऱ्या दांड्याचे होते.

इंजिन चालू असताना ही तार हाताने ओढू नये. जोराचा झटका बसतो.

डिझेलच्या इंजिनाला प्लगच्या अशा तारा नसतात. त्याचा आवाज मुळातच थोडा खडखडाटी असतो. त्याच्या डिझेलच्या नळ्या आपण सैल करू नयेत. त्यातून सुटलेली धार कातडी फोडून आत शिरते. ते काम जाणत्या मिस्त्रीचे.

काय निघाले?

काकांनी इंजिन गाडीतून काढले नाही. खालचे तेलाचे चेंबर तेवढे उतरवले. तळाच्या तेलात झिजलेल्या बेअरिंगची चकचकीत कणी होती. तिसरे बेअरिंग खरवडले होते. त्यांनी क्रँकवरून बोट फिरवले. मग मापाच्या हत्याराने मोजले. क्रँक गुळगुळीत आणि मापात होता.

"मालक, नशीबवान आहात. चढावर गाडी थांबवली म्हणून क्रँक वाचला."

चारही दांड्यांची बेअरिंगे नवी घातली. तेल आणि तेलाची गाळणी बदलली. गळती बंद केली. खर्च आला, पण झेपणारा. ती दोन कोस रेटली असती, तर क्रँकवर ओरखडे पडले असते. तो काढून कारखान्यात घासायला न्यावा लागला असता. दांडाच तुटता, तर इंजिनाला भोक पडले असते. मग गाडी गेली असती भंगारात आणि भाडेही गेले असते.

हे ध्यानात ठेवू

१. तेलाचा लाल दिवा लागला की इंजिन ताबडतोब बंद करावे.
२. गाडी काढण्याआधी रोज तेलाची पट्टी पाहावी.
३. आवाज केव्हा येतो, कसा येतो, कुठून येतो ते मिस्त्रीला नीट सांगावे.
४. स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी मागाहून.
५. कुणी न तपासता "इंजिन खोला" म्हणाले, तर "का?" असे विचारावे. विचारण्यात लाज नाही.

ती गाडी आजही चढ चढते. मात्र गोठ्याशेजारी तेलाचा डाग दिसला की आई आधी हाक मारते, "अरे, गाडी काही सांगतीय बघ!"